भाऊजी जंपर विसरले नव्हते

डॉक्टरांनी पान छापायच्या आधी मला दाखवलं हे बरं केलं. हॅम रेडिओवाल्यांच्या मंडळाचा अंक निघतो, त्यात माझ्या दिरांवर एक पान आहे. फोटो चांगला घेतलाय. कॉलसाइन, म्हणजे हवेतलं त्यांचं नाव, मोठ्या अक्षरात टाकलाय. खाली लिहिलंय, क्षणभराच्या विसराने एक जाणकार माणूस आपल्यातून गेला, सर्वांनी यातून धडा घ्यावा.

मी म्हटलं, "डॉक्टर, हे असं नाहीये."

ते म्हणाले, "मग कसं आहे ते तुम्ही लिहा, वहिनी."

मी चौथी शिकलेली बाई. मी काय लिहिणार. तर म्हणाले बोलता तसं फोनमध्ये टाइप करा, मी एक अक्षर बदलणार नाही. म्हणून बसलेय. दोन बोटांनी टाइप करतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लोक म्हणतात भाऊजी जंपर काढायला विसरले आणि त्यातच गेले. लिफ्टच्या कंपनीतले म्हणतात. ज्या इमारतींच्या लिफ्ट ते बघायचे तिथले लोक म्हणतात, हा घरी असा विसरला तर आमच्याकडे काय काय विसरला असेल. तीस वर्षं ज्या माणसाने कुठे एक तार मागे ठेवली नाही त्याच्या नावाला हे चिकटलंय. ते विसरले नव्हते. मला माहीत आहे. कसं माहीत आहे तेच सांगायचंय.

भाऊजी म्हणजे माझ्या मिस्टरांचा धाकटा भाऊ. लिफ्ट मेकॅनिक. मी लग्न होऊन आले तेव्हा हे कॉलेजच्या वयाचे, कॉलेजात न गेलेले, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "वहिनी, माझ्याकडे आधीच सहा मशिनं आहेत, सातवं कुठे ठेवू?" मिस्टर गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सर्वात वरचा मजला. वरचा मजला कुणी घेत नव्हतं, उन्हाने तापतो म्हणून. भाऊजींनी हट्टाने घेतला, का तर गच्ची डोक्यावर. गच्चीवर एरियल लावायची होती ना. मी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. कपडे आखूड करणं, चेन बदलणं असलं. आतल्या खोलीत अर्ध्या भागात त्यांची खाट आणि अर्ध्या भागात रेडिओ.

रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. बोलायचा. परीक्षा देऊन लायसन मिळतं आणि मग जगात कुठेही बसलेल्या माणसाशी हवेतून बोलायचं. काय बोलायचं? तर तुम्हाला मी कसा ऐकू येतोय. तो सांगणार, मस्त ऐकू येताय. आणि मी कसा येतोय? तुम्हीपण मस्त. झालं. मी म्हणायची, "अहो भाऊजी, एवढ्या लांबच्या माणसाला गाठलंत तर त्याची बायकापोरं कशी आहेत ते तरी विचारा." तर म्हणायचे, "ते शेजाऱ्यांना विचारायचं असतं, ते तुमचं खातं."

सामान सगळं जुनं. रेडिओ एका कंपनीचा, एका म्हाताऱ्या हॅमने जाताना दिलेला. आवाज मोठा करायचा अँप्लिफायर दुसऱ्याच देशातला, फ्रिजच्या निम्म्या आकाराचा, आत बाटल्यांएवढे दोन दिवे पेटायचे. त्याला मी हत्ती म्हणायची. आणि गच्चीवर तीन एरियल, त्यातली कुठली जोडायची ते ठरवणारा एक डबा, तो यांनी भंगारातून आणलेला. तिघांचं एकमेकांशी पटेना. म्हणजे असं, की रेडिओवर बँड बदलला की रेडिओ मागच्या एका तारेतून थोडीशी वीज सोडून सांगतो, मी आता या बँडला आलो. जास्त वीज म्हणजे हा बँड, कमी म्हणजे तो. हत्तीला ही भाषा कळतच नाही, त्याला प्रत्येक बँडची वेगळी तार लागते. गच्चीवरच्या डब्याचं तिसरंच काहीतरी. म्हणून भाऊजी हाताने तिन्ही बटणं फिरवायचे, आधी एरियल, मग हत्ती, मग रेडिओ. एकदा घाईत हत्ती फिरवायचा राहिला. आतून धूर. जळक्या वॉर्निशचा वास तीन दिवस माझ्या शिवायच्या कपड्यांना येत होता, गिऱ्हाइकं नाक धरायची. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "वहिनी, या तीन जावा आहेत. मोठी इशाऱ्याने बोलते, मधलीला इशारा कळत नाही, धाकटी गच्चीवर जाऊन बसलीय."

मी म्हटलं, "मग तुम्ही मध्ये पडू नका. मी जावांमध्ये राहून आलेय, मला विचारा."

"मी नाही पडणार. माझ्याऐवजी एक डबा पडेल. सगळ्यांचं ऐकेल आणि ज्याला ज्या भाषेत पाहिजे त्या भाषेत सांगेल. मी बटणाला हात लावायचाच नाही."

"आणि तुम्ही मग काय करणार?"

"दाढी."

दीड वर्ष तो डबा चालला होता. एका इमारतीची जुनी लिफ्ट मोडीत निघाली, तिचे रिले त्यांनी आणले. रिले म्हणजे वीज आली की टक करून मिटणारं बोटभर लोखंड. डब्याच्या तोंडाला त्याच लिफ्टची मजल्यांची बटणं लावली, त्यामुळे बँड बदलला की डब्यावर मजला पेटायचा. तीन पेटला की मला कळायचं आज लांबचं बोलणं आहे. हत्तीचं बटण फिरवायला लिफ्टच्या दाराची छोटी मोटर आणि पट्टा. सगळा हिशेब लिफ्टचाच. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, तसं एरियल जोडल्याशिवाय हत्ती जागचा हलणार नाही. वीज गेली तर रेडिओ बॅटरीवर येणार आणि गच्चीवरचा डबा आपोआप लहान एरियलवर पडणार, म्हणजे काही झालं तरी निदान गावातल्या गावात बोलता येईल. त्याला ते तळमजला म्हणायचे.

आणि एक टायमर. सकाळी साडेसातला या सगळ्यांची हवेत हजेरी असते. डॉक्टर घेतात, म्हणजे हेच दातांचे डॉक्टर. एकेकाचा कॉलसाइन पुकारतात, जो तो हजर म्हणतो. हत्तीला तापायला तीन मिनिटं लागतात म्हणून टायमर सात सत्तावीसला सगळं चालू करायचा. मग डब्याने तीन वेळा टक करायचं. पहिलं टक रेडिओ, दुसरं गच्ची, तिसरं हत्ती. पहिली दोन यायची. तिसरं कधी उशिरा यायचं, कधी यायचंच नाही. मग आतून भाऊजींचा आवाज, "मधली रुसली!"

आता जंपरचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

लिफ्टला जागोजागी सुरक्षेचे स्विच असतात. दार उघडं असलं की लिफ्ट बंद. पण दुरुस्ती करताना दार उघडं ठेवूनच ती चालवून बघावी लागते. तेव्हा मेकॅनिक त्या स्विचच्या दोन टोकांना एक तार लावतात, दोन्हीकडे चिमटे असलेली. स्विचला वाटतं दार बंद आहे. ती तार म्हणजे जंपर. काम झालं की काढायची. ती राहिली तर दार उघडं असताना लिफ्ट निघून जाईल आणि माणूस खड्ड्यात.

भाऊजींची रीत होती, त्यांच्या उस्तादाने घालून दिलेली. एका लाल कापडाच्या दोन चिंध्या फाडायच्या. एक तारेला, एक शर्टाच्या बटणाला, सेफ्टी पिनने. शर्टाला चिंधी आहे म्हणजे कुठेतरी तार लागलेली आहे. तार काढली की दोन्ही चिंध्या एकत्र. चिंधी अंगावर असताना त्या माणसाने जागा सोडायची नाही, साहेबाने बोलावलं तरी नाही. त्यांच्या चार तारा होत्या. चिंध्या मीच आमच्या जुन्या लाल पडद्याच्या फाडून दिलेल्या, कडेला पांढऱ्या दोऱ्याचे टाके घालून. पहिल्या जोडीच्या दोघींना एक टाका, दुसरीच्या दोघींना दोन, अशा चार जोड्या.

भाऊजी बाकी विसराळू होते, हे मी लपवत नाही. चष्मा डोक्यावर आणि घरभर शोध. दूध आणायला जायचे आणि खिळे घेऊन यायचे. पैलवान, म्हणजे त्यांचा कामातला जोडीदार, वजन पन्नास किलोसुद्धा नाही म्हणून पैलवान, तो चिडवायचा, "उस्ताद, एक दिवस स्वतःलाच लिफ्टमध्ये विसरून याल." भाऊजी म्हणायचे, "म्हणून तर चिंधी. आठवणीवर मी भरवसा ठेवतच नाही. माझी आठवण बटणाला टांगलेली असते."

चिंध्या घासून घासून उसवायच्या. उसवली की भाऊजी ती घरी आणायचे, मला द्यायला. विसरू नये म्हणून शर्टाला लावूनच आणायचे, पिन करून. आले की मी काढून घ्यायची, कड शिवायची, सकाळी परत द्यायची. वर्षानुवर्षं हे चाललेलं. कामावर शर्टाला चिंधी म्हणजे तार लागलीय, घरात शर्टाला चिंधी म्हणजे वहिनीने शिवायचीय. दोन्हीत कधी गफलत झाली नाही, कारण घरी त्यांनी जंपर कधी वापरलाच नव्हता.

मंगळवारी वापरला.

मंगळवारी संध्याकाळी ते हत्तीचं झाकण काढून बसले होते. त्या झाकणालाही स्विच आहे, मागच्या बाजूला, भिंतीकडे. झाकण उघडलं की वीज बंद, कारण आत अडीच हजार व्होल्ट असतात. तिसरं टक का अडकतं ते बघायला त्यांना झाकण उघडं ठेवून तो चालू हवा होता. तीन नंबरची तार त्यांनी कामावरून आणली होती. मला काही बोलले नाहीत. मी बाहेर एका बाईचा कोट आखूड करत होते.

तेवढ्यात फोन. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत म्हातारी आणि तिची मुलगी, म्हातारीला दम्याचा त्रास. भाऊजी उठले, सगळ्याची वीज खाली केली, घरातला शर्ट काढून खुर्चीवर टाकला, वर्दीचा चढवला आणि निघाले. दारातून म्हणाले, "वहिनी, आत कशाला हात लावू नका."

मी कशालाच हात लावला नाही. फक्त शर्ट उचलला. बाहीला काळं तेल लागलेलं, म्हटलं भिजत घालावा, डाग बसेल. बघते तर बटणाला लाल चिंधी. कड उसवलेली. मी म्हटलं, घ्या, शिवायला आणलेली दिसतेय, वर्दीची काढून या शर्टाला लावली आणि सांगायला विसरले. पिन काढली. कड शिवली. तीन टाके होते तेही पक्के केले. मशिनवर माझा डबा असतो बॉबिनचा, त्यात ठेवली, सकाळी देऊ म्हणून. शर्ट धुऊन वाळत घातला.

ते उशिरा आले. म्हातारी नीट बाहेर आली होती, तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणे. खूश होते. जेवले आणि झोपले.

बुधवारी सकाळी मी तोच शर्ट त्यांना दिला, वाळलेला. चिंधी द्यायची डोक्यातून गेली, चहाचं आधण ठेवलेलं होतं. त्यांनी शर्ट घातला आणि त्यांचा हात बटणापाशी गेला. मी बघितलं. सवयीने जायचा तो हात तिथे, कामाला हात घालण्याआधी नेहमी. बटण रिकामं. मग बटणं लावली, आत गेले आणि हजेरीसाठी दाराजवळचं मोठं बटण वर केलं. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो हात मला विचारत होता आणि मी चहात साखर टाकत होते.

आतून म्हणाले, "वहिनी, पट्टा जरा सैल वाटतोय, बघून घेतो हजेरीच्या आधी."

मी म्हटलं, "टायमर लागेल ना आता."

तर म्हणाले, "लागू दे, झाकण उघडं आहे. हत्ती उठणारच नाही."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. ते बरोबर होतं. झाकण उघडं असलं की हत्ती उठत नाही.

मग सात सत्तावीस झाले. टक. टक. टक. तिन्ही, लागोपाठ, एकसारखी, अशी मी दीड वर्षात कधी ऐकली नव्हती. आणि हत्तीचा पंखा सुरू झाला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "भाऊजी, जमलं की हो!"

काही बोलले नाहीत. मी म्हटलं आनंदाने गप्प झाले असतील, असे व्हायचे ते. परत म्हटलं, "अहो, मधलीचा रुसवा गेला, आता पार्टी द्या!" आणि कप घेऊन आत गेले.

पुढचं मला नीट सलग आठवत नाही. ते हत्तीवर ओणवे होते. उजवा हात आत. मला वाटलं वाकून बघतायत. मग वास आला. मी कप टाकला नाही, खाली ठेवला, टेबलावर, नीट, बशीसकट. का ठेवला मला माहीत नाही. त्यांनी मला दहा वेळा बजावलेलं, मला कधी काही झालं तर मला शिवायचं नाही, आधी दाराजवळचं मोठं बटण खाली. मी ते खाली केलं. पंखा थांबला. मग ते सरकले आणि जमिनीवर आले.

मी हाका मारल्या. छाती दाबली, कशी दाबतात ते माहीत नाही, दाबली. शेजारी दोघंही कामावर. फोन कुठे ठेवलाय सुचेना. आणि तेवढ्यात खोलीत डॉक्टरांचा आवाज. रेडिओ बॅटरीवर आला होता, वर लहान एरियल लागली होती, त्यांनी केलं होतं तसं, सगळं आपोआप. डॉक्टर हजेरी घेत होते. भाऊजींचा नंबर चौथा. डॉक्टरांनी कॉलसाइन पुकारला. थांबले. परत पुकारला. हसून म्हणाले, "दाढी चालू दिसतेय." तिसऱ्यांदा पुकारला.

लायसन नसलेल्या माणसाने बोलायचं नसतं, मला माहीत होतं. वीस वर्षांत मी तो माइक पुसलासुद्धा नव्हता. मी तो उचलला आणि बटण दाबलं आणि म्हटलं, "डॉक्टर, मी वहिनी. भाऊजी पडलेत. या."

बटण सोडायचं असतं हे मला सुचलं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, जवळपास मिनिटभर मी ते दाबून धरलं होतं. गावातल्या घराघरांत हजेरीची माणसं ऐकत बसली होती. त्यांना माझा श्वास ऐकू आला. मी "उठा ना, उठा ना" म्हणत होते ते ऐकू आलं. आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू जात होतं, ते चर्र झालेलं सगळ्यांना ऐकू आलं.

डॉक्टर दहा मिनिटांत आले, दवाखान्यातला पांढरा कोट घालूनच. उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी कंपनीचे साहेब आले. बरोबर पैलवान. डॉक्टर होतेच. साहेबांनी हत्ती भिंतीपासून सरकवला, मागे हात घातला आणि तार काढली. चिमटे दोन्ही बाजूंना पक्के. लाल चिंधी लोंबत होती, आणि तीन टाके.

साहेब म्हणाले, "जंपर राहिला. आणि जोडीची चिंधी अंगावर नव्हती. म्हणजे लावलीच नाही. दुसऱ्यांना शिकवायचा आणि स्वतः..."

पैलवान म्हणाला, "उस्ताद? चिंधी न लावता? साहेब, हे शक्यच नाही."

"मग कुठाय?"

मी दारात उभी होते. माझी नजर बॉबिनच्या डब्यावर गेली आणि मला उभ्या उभ्या कळलं. सगळं एकदम कळलं. शर्ट, पिन, तीन टाके, तो हात. कुणीतरी मला विचारलं, वहिनी, पाणी देऊ का. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं दुःख. दुःख नव्हतं ते. कानशिलात बसल्यावर काही क्षण जसं ऐकू येत नाही, तसं झालं होतं आणि तसंच राहिलं.

मी अकरा दिवस गप्प बसले. हे लिहिलंच पाहिजे. अकरा दिवस तो डबा तिथेच होता आणि मी त्याचं झाकण उघडलं नाही, बॉबिन संपल्या तरी उघडलं नाही. मला वाटायचं सांगून ते परत येणार आहेत का. मग वाटायचं, लोक मला काय म्हणतील. हे वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्या दिवसांत बाहेर बोभाटा झाला. एका इमारतीने तर दारावर कागद लावला, अमुक मेकॅनिकने बघितलेली लिफ्ट, तपासणी होईपर्यंत जिना वापरा. त्याच इमारतीत ती दम्याची म्हातारी राहते. कंपनीने त्यांच्या हातच्या सगळ्या लिफ्ट परत उघडायला माणसं लावली. पैलवानाचं वर्कशॉपमधल्या एकाशी भांडण झालं, तो माणूस म्हणाला म्हणे, उस्तादांच्या हातात कला होती पण डोकं ठिकाणावर नव्हतं. पैलवान त्याच्या अंगावर गेला. पन्नास किलोचा माणूस. ओठ फुटला.

ओठावर पट्टी लावून तो माझ्याकडे आला. बसला. म्हणाला, "वहिनी, एकतीस लिफ्ट उघडल्या. एकीतसुद्धा तार सापडली नाही. एकीतसुद्धा."

मी म्हटलं, "सापडणार नाहीच."

"पण मग घरी कसं झालं हे? मला झोप येत नाही. बावीस वर्षं मी त्या माणसाकडे बघून काम केलं. त्यांनीच चिंधी लावली नसेल तर मी कशावर विश्वास ठेवून खड्ड्यात उतरू?"

तेव्हा मला कळलं की माझ्या गप्प बसण्याने फक्त मेलेल्या माणसाचं नाव जात नाहीये. मी उठले. डबा उघडला. बॉबिनच्या खाली होती. त्याच्या हातात दिली.

त्याने टाके मोजले. बोटाने मोजले, एक, दोन, तीन. मग म्हणाला, "ही कुठे होती?"

"त्यांच्या शर्टाला. मी काढली. धुवायला."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "माझ्याबरोबर येता का?"

आम्ही वर्कशॉपला गेलो. साहेबांच्या टेबलावर ती तार एका पाकिटात होती. पैलवानाने दोन्ही चिंध्या शेजारी ठेवल्या. वरची कड मी शिवून टाकलेली, पण बाजूची फाडलेली कड तशीच होती. खाचेला खाच बसली. मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच, उसवलेल्या चिंध्या घरी यायच्या तेही. बाकीची माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती. ज्याने पैलवानाचा ओठ फोडला तोही होता.

साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगितलं नसतं तर हे कुणाला कळलं नसतं."

मी म्हटलं, "मला कळलं होतं ना."

"हे कागदावर घ्यावं लागेल. तुमचं नाव येईल."

"येऊ दे. त्यांचं काढा आणि माझं घाला."

तो इमारतीवरचा कागद दुसऱ्या दिवशी निघाला. वर्कशॉपमध्ये आता चिंधी शर्टाला लावत नाहीत. शर्ट बदलतो, धुतला जातो, दुसऱ्याच्या हातात जातो. आता लाल पट्टी मनगटात घालतात, इलॅस्टिकची. चौदा माणसांच्या मी शिवून दिल्या, त्याच पडद्याच्या. उसवल्या तर घरी न्यायच्या नाहीत, तिथेच टाकून नवीन घ्यायची.

परवा डॉक्टर यंत्रं न्यायला आले. हत्तीची वायर तोडून ठेवलीय, तो आता मुका आहे. न्यायच्या आधी त्यांनी बाकीचं एकदा लावून बघितलं. टक, टक, टक. डॉक्टर खाली वाकून पट्टा बघायला लागले, मग खुर्चीत बसले. म्हणाले, "वहिनी, पट्टा ठीक आहे. सैल नाहीये. मंगळवारीच जमलेलं होतं हे. बुधवारी हात घालायची गरजच नव्हती."

म्हणजे फोन आला नसता तर त्यांना मंगळवारीच ती तीन टक ऐकू आली असती. त्यांनी स्वतः तार काढली असती, दोन चिंध्या एकत्र केल्या असत्या. म्हातारीला दमा होता, जायलाच पाहिजे होतं. चिंधी अंगावर असताना जागा सोडायची नाही असा नियम आहे, आणि शर्ट खुर्चीवर टाकून ते गेले. तेवढं त्यांचं. तेही लिहा हवं तर. पण त्यांनी चिंधी ठेवली होती तिथे ती असती, तर सकाळी हात बटणाला लागला असता आणि ते मागे वळून तार काढायला गेले असते, हे मी शपथेवर सांगते.

डॉक्टर, फोटो राहू दे, कॉलसाइन राहू दे. ती विसराची ओळ तेवढी काढा. तिथे जागा उरली तर माझं एवढंच छापा, की माणसाने जंपर लावला होता, चिंधी लावली होती, आणि शर्ट मी धुतला.